तिसऱ्या गिअरचा आवाज

बाबूजींच्या गाडीचा गिअरबॉक्स मी बदलला. त्यांनी मागितलं नव्हतं, सुचवलं नव्हतं, उलट एकदा स्पष्ट नको म्हटलं होतं. तरी बदलला, स्वतःच्या खिशातून बदलला, आणि वर पंधरा दिवस ऑफिसात त्याची शेखी मिरवली. आज कुणी माझ्यासमोर 'मी तर चांगल्या हेतूनं केलं' असं म्हणालं की माझं डोकं फिरतं. अहो, हेतू सगळ्यांचाच चांगला असतो. विचारून करायला काय जीव जातो का?

बाबूजी आमच्या खात्यात कालवा निरीक्षक होते. तलावातून निघालेलं नहराचं पाणी वरच्या गावापासून शेवटच्या गावापर्यंत पाळीपाळीनं पोचवायचं, हे त्यांचं काम. नहराच्या शेवटच्या टोकाला आमच्याकडे सगळे टेल म्हणतात. इंजिनियरही टेल म्हणतो आणि गुराखीही टेलच म्हणतो. टेलच्या गावात पाणी पोचलं तर आपण नोकरी केली, नाही पोचलं तर फुकटाचं खाल्लं, एवढा साधा हिशेब ते धरून होते. वीस-बावीस वर्षं त्यांनी तो जमवला. आणि शेवटचं दीड वर्ष त्यांनी गोंदियाच्या ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर काढलं, पत्रांवर शिक्के मारत. निवृत्तीनंतर फार जगले नाहीत. नहरावरच्या माणसाला त्या टेबलावर कुणी बसवलं, हे सांगायला बसलोय मी.

मी तिरोड्याला कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. दोन हजार चार-पाचची गोष्ट. वीज केंद्राच्या चिमण्या अजून उभ्या व्हायच्या होत्या, चारी बाजूंना नुसतं धान दिसायचं. बाबूजी पन्नाशी ओलांडलेले. हुद्द्यानं मी वरचा, म्हणून ते मला 'साहेब' म्हणायचे. पण त्या शब्दात मान किती आणि थट्टा किती, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. मी राहायचो गोंदियाजवळ कुडव्याला. रोज सकाळी वडिलांची स्कूटर काढायची आणि तिरोडा गाठायचं. स्कूटर नहराच्या पाळेवर, म्हणजे काठच्या बांधावर टिकत नसे, म्हणून दौऱ्याला त्यांच्या गाडीवर मागे बसायचो.

आणि गाडी कसली, बाप्पा! जुनी, काळी, टाकीवरचं नाव घासून केव्हाच गेलेलं. पहिल्या-दुसऱ्या गिअरला नुसती कुरकुर. चौथ्याला बरी चालायची. पण तिसरा पडला रे पडला की किंचाळायला लागायची. लांब, चिरका, चढत जाणारा आवाज. धानाच्या बांध्यांतले बगळे उडायचे. रोवणी करणाऱ्या बाया मान वर न करता म्हणायच्या, "आले बाबूजी." मागे बसलेल्या माझ्या दातांपर्यंत तो आवाज पोचायचा. संध्याकाळी घरी गेल्यावर आई काही बोलली तर मी दोनदा "काय?" म्हणून विचारायचो.

बरं, नुसता आवाज असता तर सोसला असता. या गृहस्थांची गाडी चालवायची तऱ्हाही जगावेगळी. पाळ सरळ, सपाट. ना चढ, ना खड्डा. गाडी चौथ्यात मजेत चाललेली. पुढच्या वळणापलीकडे गेट असलं की वळणाच्या चांगलं अलीकडे हे खटकन तिसरा टाकणार आणि वर रेस वाढवणार. गाडीनं बोंब ठोकलीच समजा. वळण घेऊन गेटपाशी पोचावं तर तिथं चिटपाखरू नाही. गेट बंद. गेटाचा लोखंडी दांडा मात्र कधीकधी ओला असायचा.

"बाबूजी, इथं तिसरा कायले टाकता? चौथ्यात मस्त चालून राहिली होती ना."

"सवय हाये जी."

"गिअरबॉक्स गेलाय पुरा. बदलून टाका ना."

"नाई जी. ऱ्हाऊ द्या. हाये ते बरं हाये."

मला वाटलं, म्हातारा कंजूष आहे.

तसे ते कंजूष मुळीच नव्हते, विचित्र होते. घड्याळ वापरत नसत. वाटेत भेटेल त्याला वेळ विचारायचे, आणि त्यानं सांगितली की "नाई, तुहं मागं हाये," असं म्हणून पुढे जायचे. गेटावर हात असा ठेवायचे, पोराला ताप आहे का ते बघावं तसा. सुरुवातीची नोकरी चोरखमाऱ्याच्या तलावावर झालेली, तिथल्या जुन्या चौकीदारानं शिकवलं म्हणून पावसाळ्यातही छत्री नाही, नुसता पोत्याचा घोंगता डोक्यावर. आणि सगळ्यांत वर म्हणजे, पाळीच्या दिवशी ते दिवसभर पाणी प्यायचे नाहीत. डबा आणायचे, बाटली नाही. मी माझी बाटली पुढे केली तर मान हलवायचे. "टेलले पोचलो का पिऊ." शेवटच्या गेटापाशी पाणी दिसलं की गाडी उभी करायची, पाळ उतरायची, आणि ओंजळीनं नहराचं गढूळ पाणी प्यायचं. मी म्हणायचो, "बाबूजी, जंतू असतात त्यात." ते म्हणायचे, "असतील ना. त्यायलेही पाणी लागतेच."

एकदा टेलला पाणी पोचायला दुपारचे तीन वाजले. ऑक्टोबरचं ऊन, यांचे ओठ फाटलेले, जीभ जड झालेली, तरी माझ्या बाटलीला हात लावला नाही. मी चिडलो. "हा काय उपास आहे का?" तर म्हणाले, "साहेब, आपल्याले तहान लागली नाई तं टेलवाल्याची आठवण कशी ऱ्हाईल?" बह्याड माणूस आहे, असं मी मनात म्हटलं.

चोरीवरून आमचं नेहमी वाजायचं. नहरावर पाण्याची चोरी होते, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. खालच्या गावाची पाळी असते, वरच्यांनी गेट बंद ठेवायचे असतात; पण वरचा माणूस आपल्या बांधीकडे बघतो, भरल्या नहराकडे बघतो, आणि हळूच गेट उचलतो. माझ्या सेक्शनमध्ये मात्र कागदावर एकही चोरी नाही. एकही केस नाही! मी नवा, अंगात रग, खिशात नियमांचं पुस्तक. मला कुणाला तरी पकडायचंच होतं.

"बाबूजी, तुमच्या या गाडीच्या आवाजानं चोर सावध होतात," मी एकदा वैतागून म्हणालो.

"हो ना साहेब. होतात," ते म्हणाले.

बघा, माणसानं साफ सांगितलं. समोर बसून, डोळ्यांत बघून सांगितलं. आणि मला वाटलं, बिचारा लाचारीनं कबूल करतोय. आमच्या डोक्यात डिग्रीचा भुसा भरलेला, तिथं दुसरं काही शिरणार कसं?

माझ्या दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी बाबूजींनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजा टाकली. गाडी ऑफिसच्या शेडमध्ये लावून गेले, किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "गरज पडली तं न्या," म्हणाले. त्यांच्या घरी मी कितीदा तरी जेवलो होतो. त्यांची बायको मला ताटावरून उठू देत नसे. या माणसासाठी काहीतरी करावं, असं मनापासून वाटत होतं. चोर पकडायचे, हेही वाटत होतंच, ते लपवत नाही. दोन्ही गोष्टी एका कामात होत होत्या, म्हणून मी स्वतःवर फार खूश होतो. तिसरा गिअर न टाकता गाडी गोंदियाला नेली आणि बाजारातल्या एका मिस्त्रीपुढे उभी केली.

मिस्त्रीनं एक चक्कर मारली आणि हसत परत आला. "साहब, ये गिअरबॉक्स है कि आटाचक्की? तीसरे के दाँत घिस गये, बेरिंग भी गयी. पूरा सेट बदलना पड़ेगा."

"बदल डालो," मी म्हणालो.

दोन दिवसांनी गाडी घ्यायला गेलो तर तो हात पुसत म्हणाला, "एक बात समझ में नहीं आयी साहब. गाड़ी का बाकी सब टनाटन है. चेन, क्लच, ब्रेक, सब टाइम पे किया हुआ. इतना सँभालनेवाला आदमी, ये एक चीज़ काहे छोड़ दिया होगा?"

मी म्हणालो, "बूढ़े आदमी हैं." मिस्त्रीनं विचारलेला प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. नाही विचारला. जुना माल घेऊन जाता का म्हणून त्यानं विचारलं, तर मी म्हटलं, भंगारात टाका.

बाबूजी काळा चष्मा लावून रजेवरून आले. मी त्यांना शेडमध्ये घेऊन गेलो, लग्नातला आहेर दाखवावा तशी गाडी दाखवली. त्यांनी किक मारली. ऑफिसच्या पटांगणात एक फेरी घेतली. पहिला, दुसरा, तिसरा. तिसऱ्याला गाडी नुसती सुळकन गेली. त्यांनी थांबवली, परत तिसरा टाकला, परत फेरी मारली. मग गाडी बंद करून तसेच बसून राहिले. चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते.

"जुना कोठी हाये?"

"भंगारात दिला."

"हं," ते म्हणाले. मग किल्ली काढत, "कायले खर्च केला जी साहेब. चांगली चालून राहिली."

एवढंच. मला वाटलं, माणूस भारावून गेला.

त्यानंतर त्यांनी नवी सवय लावून घेतली. गेटाच्या अलीकडच्या वळणावर हॉर्न वाजवायचा. हॉर्न तरी कसला, थंडीत बसलेल्या कोंबड्याचा आवाज. पन्नास पावलांपलीकडे ऐकू जात नसे. ते मोठ्यानं खोकायचेही. एकदा तर चक्क भजन म्हणायला लागले. मी म्हणालो, "बाबूजी, ऑपरेशन डोळ्यांचं झालं का गळ्याचं?" तेही हसले. माझ्याइतका मूर्ख माणूस त्या वेळी अख्ख्या तालुक्यात नसेल.

मग ती शेवटची पाळी आली. धान लोंबीवर आलेलं. या पाण्यावर दाणा भरतो. हे पाणी चुकलं तर लोंबी पोचट राहते आणि वर्षाची मेहनत तणसात, नुसत्या पेंढ्यात जाते. त्या दिवसापासून पाळी टेलच्या गावाची होती. वरचे सगळे गेट बंद हवेत. बाबूजी पाणी न पिता सकाळपासून फिरत होते. दुपारी जेवणाच्या सुमाराला आम्ही दोघं पाळेवरून निघालो. पाणी नहरात दिसत होतं, पण जेवढं हवं तेवढं नव्हतं. वर कुणीतरी पीत होतं.

वळण आलं. बाबूजींचा अंगठा हॉर्नकडे गेला. मी मागून त्यांचं मनगट धरलं.

"हॉर्न नाही बाबूजी. आज पकडू."

"वाजवू द्या जी साहेब."

"नाही म्हणतो ना मी!"

असं ओरडलो मी. बापाच्या वयाच्या माणसावर. त्यांनी अंगठा मागे घेतला. पायानं मात्र सवयीनं तिसरा टाकला, रेसही वाढवली. गाडी एक शब्द बोलली नाही.

वळण घेतलं आणि समोर गेट. उचललेला. आणि गुडघाभर पाण्यात, धोतर वर खोचून, तणसाचा भारा नहरात आडवा लावत उभे होते वरच्या गावचे अध्यक्ष. पाणी वाटपाच्या समितीचे अध्यक्ष. पोवार घराण्यातले, सत्तरीला टेकलेले, ज्यांच्या शब्दावर चार गावं चालायची. आठ दिवसांपूर्वीच्या सभेत यांनीच हात जोडून सांगितलं होतं, टेलच्या माणसाले उपाशी ठेवून आपण जेवू नये. आणि बाबूजींचे वीस वर्षांचे दोस्त. दर वर्षी नवा तांदूळ निघाला की पहिलं जेवण बाबूजींना. त्याशिवाय घरात कुणी त्या तांदळाला हात लावत नसे.

त्यांनी वर बघितलं. माझ्याकडे नाही, गाडीकडे. मग बाबूजींकडे.

"आज आवाज नाई देला जी, बाबूजी?"

रागानं नाही विचारलं. खरोखर कळलं नव्हतं त्यांना, म्हणून विचारलं. बाबूजींनी मान खाली घातली. चोरी करणारा ताठ उभा होता आणि निरीक्षकाची मान खाली होती, हे मला दिसलं; पण त्याचा अर्थ लावण्याइतकी फुरसत मला कुठे होती? मी गाडीवरून उडी मारली होती आणि बॅगेतून कागद काढत होतो.

तेवढ्यात खालच्या बाजूनं टेलचे दोन शेतकरी पाळेवरून चालत आले. पाणी कमी का येतंय ते बघायला निघाले होते. दोघेही थबकले. त्यांच्यातला एक, वयानं मोठा, कोहळी समाजातला, ज्यांच्या आज्या-पणज्यांनी या भागात तलाव खोदले त्यांतला, एवढंच म्हणाला, "अध्यक्ष?" आणि दुसरीकडे बघायला लागला.

"साहेब," बाबूजी माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "समज देऊन सोडू. मी गेट खाली पाडतो. पाणी जाते टेलले."

"नियम सगळ्यांना सारखा, बाबूजी."

मग तो टेलचा माणूसही बोलला. ज्याचं पाणी चोरीला जात होतं, तोच बोलला. "जाऊ द्या ना जी साहेब. सुटलं ना पाणी आता. झालं तं मंग."

मी कुणाचं ऐकणार? गुडघ्यावर पॅड ठेवून पंचनामा लिहिला. टेलच्या दोघांना पंच केलं. अध्यक्षांनी पाण्यातून बाहेर येऊन, ओले हात धोतराला पुसून सही केली. त्यांची सही वळणदार होती, समितीच्या ठरावांवर मी ती नेहमी बघायचो. शेवटी बाबूजींपुढे कागद धरला. वीस-बावीस वर्षांत त्यांनी पाणीचोरीच्या पंचनाम्यावर केलेली ती पहिली सही. सही करून त्यांनी गेट खाली पाडला आणि भारा उपसून पाळेवर टाकला.

म्हणतात ना, करायला गेलो गणपती आणि झालं माकड. केस झाली. वरच्या साहेबांनी फोनवर माझी पाठ थोपटली. पण अध्यक्षांनी समिती सोडली, चावडीवर बसायचं सोडलं, सोयरिकीच्या बैठकीतही जाईनात. आणि वरच्या गावाचं काय झालं? आधी जे लपून उचलत होते ते आता उघड उचलायला लागले. भर दिवसा, सहा सहा गेट. मी गेलो तर कमरेवर हात ठेवून उभे. "लिहा साहेब. आमच्या अध्यक्षाले चोर केलं, आमालेही करा. चोरच हावोत ना आमी!" मी लिहून लिहून किती लिहिणार? गेटाच्या साखळ्या तुटल्या, एका चौकीदाराला मारहाण झाली. त्या पाळीचं पुढचं पाणी टेलपर्यंत गेलंच नाही. बाबूजी चार दिवस शेवटच्या गेटापाशी जाऊन कोरड्या नहरात उभे राहून परत आले.

महिन्याभरानं मी टेलच्या गावात नुकसान बघायला गेलो. तो कोहळी शेतकरी आपल्या बांधीत उभा होता. त्यानं एक लोंबी तोडून माझ्या तळहातावर चोळली. नुसता कोंडा उडाला.

"तुमाले खरंच नाई मालूम होतं, साहेब?" त्यानं विचारलं.

"काय?"

"बाबूजीच्या गाडीचं."

मग त्यानं सांगितलं, बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसवून, लहान मुलाला सांगावं तसं. टेलच्या पाळीला पाणी सुटायचं सहाला. बाबूजी टेलवाल्यांना सांगायचे, आठला सुटतं. मधले दोन तास वरच्यांसाठी सोडलेले. वरचा माणूस दोन तास चोरणारच, हे त्यांनी धरलेलंच होतं. दोन तास झाले की गाडी काढायची आणि प्रत्येक गेटाच्या आधी तिसरा टाकायचा. आवाज आला की वरचे समजायचे, झालं आपलं, आता पुरे. आपापले गेट पाडून निघून जायचे. कुणी दिसायचं नाही, कुणाची इज्जत जायची नाही, आणि दुपारपर्यंत पाणी टेलला.

"आमाले मालूम, वरच्यायले मालूम, गुराख्यायले मालूम," तो म्हणाला. "आमाले वाटलं, तुमालेही मालूम असंल. मागं बसून फिरत होते ना तुमी."

परत येताना मी सरळ बाबूजींच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते.

"मला का नाही सांगितलं?" मी जवळजवळ भांडलोच. "एका शब्दानं सांगितलं असतं तर मी गाडीला हात लावला असता का?"

"तुमी साहेब होते जी. तुमाले सांगतलं असतं तं तुमाले लिहा लागलं असतं."

"मग आता मी जुना गिअरबॉक्स शोधून आणतो. मिस्त्रीला सांगतो, दाते घासून दे."

ते हसले. "आता कायले? आता लोक लपूनच नाई राह्यले. आवाज कोणाले द्याचा?" मग सुपारी कातरत म्हणाले, "पकडला का माणूस चोर होते, साहेब. नाई पकडला तं शेजारी ऱ्हाते. बस, एवढंच होतं ते."

त्यांची बायको चहा घेऊन आली. माझ्याशी बोलली, पण जेवून जा म्हणाली नाही.

इथवर झालं ते अज्ञान होतं. अडाणीपणा म्हणा, पोरपण म्हणा, त्याची माफी मी स्वतःला कधीतरी देऊन टाकली असती. त्यापुढचं मी डोळे उघडे ठेवून केलं.

माझ्या त्या एका केसमुळे वरच्या साहेबांच्या डोक्यात उजेड पडला. या नहरावर चोरी होते, तर मग एवढी वर्षं हा निरीक्षक काय करत होता? बाबूजींना पत्र आलं: आपल्या कार्यकाळात यापूर्वी पाणीचोरीचे एकही प्रकरण दाखल का झाले नाही, याचा लेखी खुलासा करावा. खुलासा माझ्यामार्फत जायचा. म्हणजे त्यांनी लिहायचा, मी त्याखाली माझा शेरा मारायचा, आणि वर पाठवायचा. शेऱ्यासाठी दोनच पर्याय: समाधानकारक, किंवा समाधानकारक नाही.

वरच्या साहेबांचा आधीच फोन येऊन गेला होता. "नकारार्थी लिहून पाठव. नाहीतर पुढची विचारणा तुझ्या सेक्शनला होईल." माझा परिवीक्षा काळ संपायला दोन महिने राहिले होते. नोकरी कायम व्हायची होती. घरी लग्नाची बोलणी सुरू होती. मुलीकडच्यांना 'कायम' या शब्दाची फार ओढ होती, आणि खोटं कशाला बोलू, मलाही होती.

बाबूजी दुपारी कागद घेऊन आले. एकच ओळ लिहिली होती: 'माझ्या कार्यकाळात यंदा वगळता दर वर्षी टेलला पाणी पोचले आहे, खात्री करावी.' गाडीबद्दल एक शब्द नाही. मनगट कुणी धरलं, हॉर्न कुणी वाजवू दिला नाही, पंचनाम्याचा हट्ट कुणाचा, काही नाही. लिहिलं असतं तर मीच अडकलो असतो, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मला लिहिता आलं असतं. दोन शब्द कशाला, पानभर लिहिता आलं असतं. की हा माणूस दिवसभर तहानलेला फिरत होता. की याच्या नहरावर एकही भांडण झालं नाही. की यंदा टेल वाळली ती माझ्यामुळे. सगळं माझ्या डोक्यात तयार होतं, वाक्यांसकट. बाबूजी टेबलापलीकडे उभे होते. मी बसा म्हटलं नाही. बसले असते तर त्यांच्याकडे बघावं लागलं असतं.

मी पेन उघडलं आणि लिहिलं: 'खुलासा समाधानकारक नाही.' खाली सही केली. शिक्का मारला. पोच म्हणून त्यांची सही लागायची, म्हणून कागद त्यांच्याकडे सरकवला.

त्यांनी तो उचलला. माझी ओळ वाचली, शांतपणे, सगळी. मग कागद परत माझ्यापुढे ठेवला, आणि सहीच्या बाजूची मोकळी जागा बोटानं दाखवली.

"साहेब, इथं तारीख ऱ्हायली," ते म्हणाले. "टाकून द्या. नाई तं कागद वापस येईल, तुमालेच तरास."

मी तारीख टाकली.